काजळ्याच्या लग्नाला यायचं हं!

वाईट बातमी गोड करून सांगायची असेल, तर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्यासारखी बाई सापडायची नाही! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे, म्हणायचे. यंदाच्या कार्तिकापर्यंत.

कुणाची सोयरीक मोडली, कुणाचं पोरगं दहावीत आपटलं, कुणाची म्हैस चरायला गेली ती आलीच नाही, की निरोप न्यायला मला धाडायचे. मी जायची, चहा घ्यायची, आईकडून शिकलेली एखादी जात्यावरची ओवी गुणगुणायची आणि साय न मोडता दूध ओतावं तशी बातमी सोडायची. ऐकणारा रडता रडता म्हणायचा, "पण बाई, सांगतलं कसं गोड!"

तर मी मंजुषा. आर्वीत मधुकररावांच्या छापखान्यात असते. छापखाना लग्नपत्रिकांचा. पत्रिकेचा मजकूर मी लिहिते, नवरा-नवरीची नावं गुंफून मंगलाष्टकं मी रचते. आणि यातून जो वेळ उरतो त्यात 'काजळ्या' लिहिते.

काजळ्या माहीत नाही? तुमचा दोष नाही. फार कुणाला माहीत नाही, तेच तर दुखणं! अहो, दर महिन्याला निघणारं चित्रांच्या गोष्टींचं पुस्तक. त्याचा नायक काजळ्या. बुरखा शिवायला वेळ नाही म्हणून डोळ्यांभोवती काजळ फासतो, खांद्यावर काळी घोंगडी, बसायला तांबडा खोंड. कापसाच्या शिवारावर गुलाबी बोंडासुर चालून आला की हा जिनिंग गिरणीच्या चिमणीवरून उडी घेतो. माझ्या ओव्या म्हणत म्हणत लढतो. थोडा वेळ लागतो त्याला, पण बोंडासुर ऐकून घेतो.

आता हे खपायला काय हरकत होती? पण नाही खपलं!

"मंजुषा, काजळ्या बंद," मधुकरराव एका सकाळी म्हणाले. पंखा बंद कर म्हणावं तसं!

"अहो, पण का?"

"काऊन म्हंजे? हे पाह्य!" त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. न खपलेल्या अंकांचे गठ्ठे छताला टेकले होते आणि मधल्या खोबणीत मांजरीण व्यायली होती. "एवढ्या सालात तुह्या काजळ्यानं एवढा एकच संसार उभा केला! बाकीचे अंक पंचफुलाच्या गाडीवर जाऊन राह्यले, रद्दीत!"

पंचफुला म्हणजे आर्वीच्या एस.टी. स्टँडसमोरची भजीवाली. माझ्या कितीतरी ओळी मी तिच्या गाडीवर मिरचीभज्याखालून वाचल्या आहेत. एकदा तर काजळ्या विहिरीच्या काठाला एका हातानं लटकलेला, आणि नेमका त्या हातावर तेलाचा डाग! गोष्ट माझीच, तरी मी कागद उलटून पाहिला. वाचला असेल ना?

"बरं, बंद," मी म्हणाले. "पण रूपरावांना कोण सांगणार?"

मधुकरराव एकदम पंख्याची पाती मोजायला लागले.

रूपराव ढोके हे नाचणगावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं तेच रंगवतात. पण ते पोटासाठी. जीव काजळ्यात. काजळ्याचं प्रत्येक चित्र त्यांच्या हातचं. एकदा एका वाचकानं काजळ्याला 'थोडा बारीक दिसतो' असं कळवलं, तर पुढच्या तीन अंकांत त्यांनी लढाई थांबवून त्याला जेवायला बसवलं होतं!

"मी सांगते," मी पदर खोचला. "अशी सांगते की हसतील! वर चहा पाजतील!"

चहा पाजला. इथवर माझं भाकीत खरं ठरलं.

नाचणगावला रूपरावांच्या घरी वेचणीचा कापूस नुकताच आला होता. पुढची खोली अशी भरलेली, जसं आकाशातलं एक ढगुलं वाट चुकून घरात झोपलंय. त्या ढगात पाठ टेकून रूपराव चित्र काढत होते.

"या बाई! पाहा, पुढच्या साली बोंडासुराचा भाऊ येते!" त्यांनी कागद पसरले. पुढच्या साली! मी कप खाली ठेवला.

"रूपरावजी," मी सुरुवात केली, "माणसानं धावून धावून किती धावायचं? कधीतरी थांबावंच ना..."

"काऊन? घुटने दुखून राह्यले काय त्याचे?"

"तसं नाही हो. प्रत्येक वाटेला एक शेवट..."

त्यांचा ब्रश थांबला. टोकाला काजळाएवढा रंगाचा थेंब लोंबकळत राहिला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं मी एकदाच कुणाला बघताना पाहिलं होतं: त्यांच्या धाकट्या लेकीची सासरची गाडी वळणाआड गेली तेव्हा, यांनाच!

माझी साय मोडली. दूध सांडलं. तोंडातून निघालं, "लग्न! काजळ्याचं लग्न करू म्हणते मी!"

तसा हिशेब वाईट नव्हता. लग्न झालं की वीराची गोष्ट आपोआप संपते. लग्नानंतर कुणी चिमणीवरून उडी मारल्याचं ऐकलंय? फार तर दळण घेऊन येतो. एकदा लग्न लावलं की पुढचा अंक नाही आला तरी कुणी विचारणार नाही. झालं की नाही गोड?

पण आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि शकुबाई, रूपरावांच्या कारभारीण, पिठाच्या हातानं दारात उभ्या राहिल्या.

"लग्न? आपल्या काजळ्याचं?"

"हो, म्हणजे... पुस्तकात."

'पुस्तकात' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. त्या माझ्याजवळ बसल्या. "तीन पोरींचे लग्न केले वं बाई म्या. तीनडाव वाकली. विहिणीचे पाय धुतले, रुसवे काढले. थोरलीची सासू, अल्लीपूरची सुमित्राबाई, आजूक म्हणते, 'तुमच्या इथचं वरण पातळ होतं!' पोरीले दोन लेकरं झाले, वरण काई घट्ट झालं नाई! एकडाव, फक्त एकडाव, वरमाय होऊन पाटावर बसाची हाऊस होती. पण देवानं पोरगाच नाई देला."

रूपराव खाली पाहून म्हणाले, "देला ना. काजळ्या काय हाये मंग?"

आता तुम्हीच सांगा, तिथं 'बंद' हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला असता?

नवरी ठरली बिजली. ही आमच्याच गोष्टीतली लाईनमनची पोरगी, विजेच्या खांबावर खारीसारखी चढणारी. शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ लग्नपत्रिकेसारखं करायचं ठरलं. तो तर माझ्या हातचा मळ! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहिलं, 'चि. काजळ्या, श्री. रूपराव ढोके यांचे एकुलते एक' लिहिलं, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारचा, गोरज. 'आमच्या काजळ्याकाकाच्या लग्नाला यायचं हं!' अशी चिल्ल्यापिल्ल्यांची ओळही घातली.

"अन् पत्ता?" रूपराव म्हणाले.

"पत्ता कशाला? गोष्टच आहे ना."

"पोरगं बेवारस हाये काय?"

घातला पत्ता. राहते घर, नाचणगाव. म्हटलं, वाचणार कोण आहे? 'कृपया आहेर आणू नये' ही ओळही होती, पण रूपरावांच्या गणपतीचं पोट जरा मोठं आलं आणि ती ओळ पोटाखाली गेली. शेवटच्या पानावर मात्र मी बारीक अक्षरात 'समाप्त' लिहिलं. म्हटलं, चित्र काढताना वाचतील, एकटेच समजून घेतील. त्यांनी त्या शब्दाभोवती वेल काढली, वेलीवर राघू बसवला, आणि माझं 'समाप्त' राघूच्या पोटात गेलं!

अंक निघाला. चार दिवसांनी छापखान्यात फोन वाजला. स्टँडवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवाल्या प्रमिलाबाई.

"मधुकरराव, अंक सरला!"

"कोणता?"

"काजळ्या!"

"सरला म्हंजे? चोरीले गेला?"

"लोकं मागून मागून नेऊन राह्यले! आजूक पाठवा!"

मधुकररावांनी फोन ठेवला. मग उचलून पुन्हा कानाला लावला, खरंच ठेवलाय ना ते पाहायला. दुसरी छपाई झाली. तीही सरली! मांजरीचं बिऱ्हाड हलवून जुन्या गठ्ठ्यांच्या जागी नवा कागद उतरला. मधुकरराव चालताना तुरेवाल्या कोंबड्यासारखे मान उडवायला लागले. "बंद कोण म्हणलं? म्या? मी कायले म्हणतो! आपण याले आठोड्याचा करू!" मीही फुगले. मनात म्हटलं, मंजुषा, साहित्यात शेवटी लग्नच खपतं!

कोण नेतंय, कशासाठी नेतंय, हे आम्हा दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. यशाला कुणी पत्ता विचारतं का?

रविवारी मधुकरराव पांढराशुभ्र सदरा घालून आले. हातात हार, शाल, नारळ. "चाल, रूपरावचा सत्कार करू!"

नाचणगावच्या फाट्यावर उतरलो तर रस्ताभर माणसं. नऊवारी, फेटे, पोरं, पिशव्या, पिशव्यांतून डोकावणारे स्टीलचे डबे. एक टेम्पो आमच्या अंगावर धूळ उडवत गेला. त्यातून बाया गात होत्या.

"कोणाचं तरी लग्न हाये वाटते," मधुकरराव कौतुकानं म्हणाले.

मी पिशवीतला अंक काढून मुहूर्त पुन्हा वाचला.

रूपरावांच्या दारात आंब्याच्या पानांचा मांडव. बँडवाले वाद्यं पुसत बसलेले. मागच्या आवारात गोवऱ्यांचा ढीग पेटलेला, त्यात कणकेचे रोडगे भाजणं चालू, वांग्याच्या भाजीचा हंडा रटरटतोय. आणि त्या हंड्याशेजारी स्वतःची कढई मांडून कोण बसलेली? पंचफुला! आर्वीहून!

"पंचफुला, तू इथं कशी?"

"पत्रिका आलती ना! हळद-कुकू, अक्षता लावून देलती शकुमावशीनं. मंग न येऊन कसं चालीन?"

मग उलगडा झाला. शकुबाईंनी स्टॉलवर जाऊन अंकाअंकावर हळदी-कुंकवाचं बोट लावलं होतं, वर अक्षता. बाजारात वाटले, नात्यात वाटले, एस.टी.च्या कंडक्टरांच्या हाती गावोगावी धाडले. अल्लीपूरच्या विहीणबाईंनी तर मुखपृष्ठाचा फोटो काढून मोबाईलवरच्या सगळ्या ग्रुपवर सोडला होता. आणि कुंकू लागलेली पत्रिका आमच्याकडे कुणी उघडून वाचतं का? वार पाहायचा, गाव पाहायचं, जेवण आहे की नाही पाहायचं आणि आरशामागं खोचून ठेवायची! आत सोळा पानं का आहेत, असं एकाच्याही मनात आलं नाही. एक आजोबा मला म्हणाले, "आजकाल पत्रिकेवर खर्च भल्ला करते लोकं!"

मधुकररावांना गर्दीत प्रमिलाबाई दिसल्या. "काय प्रमिलाबाई, किती अंक इकले मंग?"

"इकले?" प्रमिलाबाईंनी कानाला हात लावला. "लग्नाची पत्रिका कोणी इकते काय? पाप लागीन! वाटल्या!"

मधुकररावांच्या हातातला नारळ खाली पडला. फुटला मात्र नाही. फुटल्यासारखे तेच दिसत होते.

"बंद!" ते माझ्या कानात फुसफुसले. "आत्ताच्या आत्ता बंद! सांग त्याले!"

"हळू बोला! वरमाय ऐकेल!"

वरमाय समोरून येतच होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी शकुबाईंना इतक्या वर्षांत कधी एवढ्या उंच पाहिलं नव्हतं. पाठ सरळ केली की बाई केवढी होते!

"या या, विहीणबाई!" त्या मला म्हणाल्या.

"विहीणबाई?"

"मंग? बिजली कोणाची पोरगी? तुमीच ना आणली ती! पोरीकडचं दुसरं कोण हाये?" मग मधुकररावांना म्हणाल्या, "अन् हे मामा. मामानंच नवरीले मांडवात आणा लागते!"

"मी? मामा? मी त प्रकाशक..."

"प्रकाशक घरी. इथी मामा!"

एवढ्यात बँडवर मात करणारा आवाज आला. "नवरदेव कोठी हाये? लपवून काऊन ठेवला? काना-लंगडा हाये काय?" अल्लीपूरच्या सुमित्राबाई टेम्पोतून उतरल्या होत्या. चष्मा कपाळावर, हात कमरेवर, नजर आधीच वरणाच्या भांड्याकडे.

रूपराव आतून नवरदेव घेऊन आले. काखेत!

प्लायवूडचा काजळ्या. पुरुषभर उंच. मुंडावळ्या बांधलेल्या, काजळ ताजं, घोंगडीच्या जागी भरजरी शेला, आणि ओठांवर असं हसू, की ते रंगवायला माणसाला एक महिना आणि एक जन्म लागावा. रूपरावांनी तो बोहल्यावर उभा केला, हळूच मागं सरले आणि लोकांकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल लागायचाय अशा तोंडानं.

मांडवभर माना उंचावल्या. 

"पाटी?" सुमित्राबाईंचा आवाज तडकला. "आमी अल्लीपूरवून टेम्पो करून आलो, तेरा जणींनं नवे लुगडे नेसले, अन् नवरदेव पाटीचा?"

शकुबाईंच्या चेहऱ्यावरचं कुंकू तेवढं जागेवर राहिलं, बाकी सगळा रंग उतरला. पाठ पुन्हा वाकायला लागली. अगदी माझ्या डोळ्यांसमोर, एकेक मणका! आता जन्मभर पातळ वरणाच्या जोडीला पाटीचा नवरदेवही ऐकावा लागणार. आणि हे सगळं कुणाच्या गोड बोलण्यामुळं?

मला दुसरं काही येत नाही हो. मला एकच येतं. मी डोळे मिटले, आणि मंगलाष्टकाचं वृत्त त्या क्षणी आठवेचना, तर जात्यावरची चाल लागली:

काजळाची रेघ बाई, डोळियांच्या काठी,
जागला गं माझा राजा, साऱ्या शिवारासाठी!

लाकडाचा नवरदेव, रंग त्याचा ओला,
हात नका लावू कुणी, जीव त्यात ओतला!

 सूर तर म्हशीसारखा चरायलाच गेला होता. पण तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलेलं. झाडाला नवरी मानणारी ही माणसं! कोपऱ्यातली एक म्हातारी दुसरी ओळ माझ्यामागं म्हणाली. मग दुसरी.

सुमित्राबाईंनी मात्र कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. चालत बोहल्याशी गेल्या. नवरदेवाच्या नाकाला नाक लावून पाहिलं.

"अवं माय!" त्या ओरडल्या. "हा त थो! विहिरीत लटकला होता थो!"

"कोण?"

"आर्वीले भजे खाल्लेते आमी! कागदावर हाच होता! एका हातानं लटकेल! तेल लागलं होतं, पुढचं काई दिसेच ना! म्या त्या भजीवालीले दुसरा कागद मांगतला त तिनं बोंडासुर देला!"

आणि मग काय झालं म्हणून सांगू! अख्खा मांडव उठला. "म्या पाह्यला, चिमणीवर चढताना!" "मायाकडं खोंड हारपला तो कागद होता! सापडला काय?" "बोंडासुरानं इख देलतं दुधात, पेला काय यानं?" जो तो एकेक पान घेऊन आलेला! आर्वीच्या स्टँडवर भजी खाल्लेला सारा मुलूख माझा वाचक निघाला. फक्त कुणाकडेच कुठल्याच गोष्टीचा शेवट नव्हता!

सुमित्राबाईंनी माझा दंड धरला. "तुमी लिवता ना? सांगा, वाचला काय थो विहिरीतून?"

"वाचला. बिजलीनं काढला. खांबावरची तार सोडून."

"तवाच म्हटलं!" त्या गर्रकन वळल्या. "शकुबाई, पोरगी कामाची पाह्यली हो तुमी! आना नवरीले, मुहूर्त चालला!"

शकुबाईंची पाठ ताठ झाली. मी मोजले नाहीत, पण सगळे मणके परत आले.

मामा नवरी घेऊन आले. प्लायवूडची बिजली, मामांपेक्षा टीचभर उंच, आणि रूपरावांनी तिचा चुडा तासाभरापूर्वीच रंगवलेला. मधुकररावांनी तिला छातीशी धरून बोहल्यापर्यंत आणलं, ठेवलं, आणि वळले तेव्हा त्यांच्या शुभ्र सदऱ्यावर हिरवा चुडा, गालावर लाल कुंकू! बायांनी जे हसायला सुरुवात केली, ते अक्षता पडेपर्यंत.

मग मी वरमाईचे पाय धुतले.  टाचांना वेचणीच्या रानाच्या भेगा. त्या पायांनी आजवर दुसऱ्यांच्याच मांडवात धावाधाव केलेली. शकुबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पंगतीत त्यांनी वरणाचा एक घास घेतला, सगळीकडे शांतता होऊ दिली, आणि सुमित्राबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "वरण पातळ हाये, विहीणबाई!"

काय तो आनंद त्या चेहऱ्यावर! मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं हो."

सगळं गोड झालं. फक्त मी ज्या कामासाठी निघाले होते, तेवढं राहिलं. मधुकरराव गालावरचं कुंकू पुसत मला कोपरानं ढोसत होते. रात्र झाली, पाहुणे पानसुपारी चघळत बसलेले. मी रूपरावांजवळ गेले आणि मला रडूच फुटलं.

"रडू नका," ते म्हणाले. "पोरगी सुखात राहीन इथी."

"ते नाही हो, रूपरावजी." यावेळी मी ओवी लावली नाही, साय धरली नाही. "काजळ्या बंद झाला. हा शेवटचा अंक. खपत नाही. तुम्हाला हेच सांगायला मी आले होते, आणि सांगवलं नाही म्हणून लग्न काढलं."

रूपराव बोहल्यावरच्या जोडप्याकडे पाहत राहिले. नवरदेवाच्या काजळाचा एक ओघळ गालावर आला होता. त्यांनी उठून तो अंगठ्यानं पुसला. एवढंच. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलल्या शकुबाई. "आज बंद झाला?"

"हो."

"सून उंबऱ्याच्या आत आली, अन् त्याच दिशी पोराचं काम गेलं?" त्यांनी नथ सावरली. "लोकं काय म्हणतीन? पायगुण वाईट म्हणतीन! माह्या सुनेचा? आत्ता आलेल्या पोरीचा?"

"शकुबाई, ती प्लायवूडची..." मधुकरराव म्हणाले. ही त्यांची चूक.

"मामा ना तुमी तिचे? बोहल्यापर्यंत काखेत आणली, सदऱ्यावर चुडा हाये आजूक! मामा भाचीचं घर बुडवते काय? काऊन हो सुमित्राबाई?"

"आमच्या अल्लीपुरात अशा मामाले उभं नाई करत!" सुमित्राबाई कडाडल्या. अल्लीपूरची फौज मामांभोवती गोळा झाली.

"पण इकत नाई ना बाप्पा!" मधुकरराव रडकुंडीला आले. "कोणी घेतच नाई! सारा पंचफुलाच्या गाडीवर जाते!"

"मंग तथीच जाऊ द्या," कढईमागून आवाज आला.

पंचफुला झारा निथळत उभी होती. "मागच्या महिन्यात तुमी कागद नाई धाडला, म्या साधा पेपर वापरला. गिऱ्हाईक कागद उलटून पाहे अन् म्हणे, 'काजळ्या नाई काय? मंग ऱ्हाऊ दे.' एक गिऱ्हाईक त नुसता कागद मांगे, भजे नको म्हणे! तुमी मायासाठीच छापा. सारा मीच घेईन. रद्दीच्या नाई, छापाईच्या भावानं."

 मग रूपरावांनी हळूच विचारलं, "तेल कोण्या बाजूनं लागते?"

"अगदी मधात, भज्याखाली."

"मंग चेहरा वरतं काढीन," ते म्हणाले, आणि खिशात पेन्सिल शोधायला लागले.

शकुबाईंनी बिजलीच्या प्लायवूडच्या कपाळावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पाह्यला पायगुण?"

त्याला आता बरेच दिवस झाले. काजळ्या जोरात आहे. आर्वी स्टँडवर त्याच्यासाठी रांग असते. मधुकरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, भाचीचं नशीब. बिजली नाचणगावच्या पुढच्या खोलीत कापसाला टेकून उभी असते आणि सणावाराला तिला साडी मिळते.

माझं मात्र एक दुखणं आहे. परवा मी एक सुंदर गोष्ट लिहिली. काजळ्या-बिजलीचं पहिलं भांडण, मग समेट, शेवटी अशी ओवी की माझेच डोळे भरले. पंचफुलानं कागद वाचला, खालचा भाग कात्रीनं कापला आणि बाजूला ठेवला.

"हे काय गं?"

"शेवट नका लिवत जाऊ ना ताई," ती म्हणाली. "शेवट नसला त लोकं दुसरी प्लेट घेते."

आणि कापलेल्या त्या तुकड्यात, माझ्याच ओवीत, तिनं मला दोन मिरचीभजी बांधून दिली.